मोगलाईचा परवाना आणि माझं लग्न

माझ्या लग्नाला सगळं वऱ्हाड वेळेवर पोहोचलं होतं. फक्त नवरदेव तेवढा नव्हता.

यात दोष कुणाचाच नव्हता. (हे वाक्य मी घरात उच्चारलं की आजही बायामाणसं तोंडाला पदर लावतात.) व्यवस्था अगदी चोख होती, कारण ती मी केली होती. आमच्या बीबी गावात तेव्हा इंग्रजी वाचणारी माणसं दोनच, पोस्टमास्तर आणि मी. त्यातले पोस्टमास्तर फक्त पत्ते वाचत. मी मॅट्रिक होऊन आलो होतो आणि आल्या दिवसापासून घरात 'मले' सोडून 'मला' म्हणू लागलो होतो. अशा माणसाच्या लग्नाची व्यवस्था दुसऱ्या कुणी करायची?

मुलगी मोगलाईतली होती. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. आमच्या गावाहून पहाटे गाडी जुंपली, तर दुपारच्या भाकरीला माणूस तिथे. पण तिकडे राजा वेगळा, नाणं वेगळं, टपालाचं तिकीटसुद्धा वेगळं! म्हणजे देशच वेगळा की! आणि दुसऱ्या देशात जायचं तर पासपोर्ट लागतो, त्यावर व्हिसा लागतो, हे मी नागपूरच्या वर्तमानपत्रात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. (बातमी फ्रान्सला निघालेल्या एका बॅरिस्टरची होती. पण कायदा तो कायदा.)

मी घरात जाहीर केलं, "बाबा, परवान्याशिवाय वऱ्हाड हलणार नाही."

"कायचा परवाना?" बाबांनी चिलीम खाली ठेवली.

"मोगलाईत शिरायचा."

"अरे, माह्यी आजी मोगलाईतली होती. तिले आनलं तवा कोनी परवाना इचारला नाही."

"तेव्हा लोक अडाणी होते, बाबा."

चुलीपुढे गंगूआत्या भाकरी थापत होती. बाबांची ही थोरली बहीण, जिच्यापुढे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. ती म्हणाली, "तीस वर्सं झाले, दर बेस्तरवारी मी तिकडल्या बजारात जाऊन राह्यली. मले त कोनी काही इचारलं नाही."

"आत्या, म्हणजे तू तीस वर्षं गुन्हा करते आहेस."

आत्याच्या हातातली भाकर हातातच राहिली. "ऐकलं का रे? पोरगं मले चोट्टी म्हनून राह्यलं!"

मी वाद घातला नाही. सरळ तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या वयस्कर हेडक्लार्कांनी माझा इंग्रजी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"अहो, असा कागद लागत नाही," ते म्हणाले.

"लागत नसेल साहेब. पण असला तर बिघडलं काय?"

मी चार दिवस रोज जाऊन त्यांच्यासमोर बसलो. पाचव्या दिवशी मला दारात पाहताच त्यांनी शिक्का उचलला आणि अर्जावर आपटला. सरकारदरबारी आपलं वजन पडलं, असं मला वाटलं. काय सुंदर कागद होता तो! माणसं त्रेचाळीस. बैल बावीस. सनईवाले दोन, सनयांसह. लाडवांच्या टोपल्या सहा. नवरदेव एक (तूर्त अविवाहित).

आता राहिला प्रवास. अकरा दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, ठरल्याच होत्या. झोकदार, झुली घातलेल्या, घुंगरांच्या. बाबांचं म्हणणं, नवरदेव पहिल्या दमणीत बसेल.

"नवरदेव मोटरीने जाईल," मी म्हणालो.

"काऊन? बैलाईले काय झालं?"

"बैलांना काही झालेलं नाही, बाबा. काळ बदलला आहे."

चिखलीहून भाड्याची मोटर आणली. तिच्याबरोबर इस्माईलभाई नावाचे ड्रायव्हर आले. मोटरीत इंजिनापेक्षा भोंगा जास्त भरवशाचा होता, आणि भोंग्यापेक्षा इस्माईलभाईंची झोप. बेत असा की दमण्या पहाटे निघतील, मी जेवून आरामात निघेन आणि लग्नघरी जवळजवळ त्यांच्या बरोबरीने पोहोचेन. कागद अर्थातच माझ्याकडे. जबाबदारीची वस्तू जबाबदार माणसाकडेच हवी.

"आन् आमाले नाक्यावर आडवलं त?" बाबांनी दमणीत चढताना विचारलं.

"माझं नाव सांगा!"

नाक्यावर काय झालं ते मला नंतर कळलं. तिथे निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. तिथल्या कारकूनसाहेबांनी आत्याला सलाम केला, एक लाडू खाल्ला, दुसरा रुमालात बांधला आणि आडवा बांबू वर उचलला. अकरा दमण्या, त्रेचाळीस माणसं, बावीस बैल घुंगरं वाजवत मोगलाईत गेले. माझं नाव सांगायची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही.

दोनच्या सुमाराला मी नाक्यावर आलो. डोक्याला बाशिंग, अंगात जरीचा कोट, कोटाच्या खिशात कागद. कारकूनसाहेब निंबाखाली बाजेवर बसले होते. मेंदी लावलेली दाढी, पांढरीशुभ्र शेरवानी. ते हसत उठले.

"आइए नौशा मियाँ! शादी मुबारक! उठाओ रे बांबू!"

नौशा म्हणजे नवरदेव, म्हणजे मीच. बांबू वर जाऊ लागला. आणि इथे एखादा अडाणी नवरदेव असता, तर हात जोडून पुढे गेला असता.

मी हात वर केला. "ठहरो! पहले कागज देखो!"

बांबू अर्ध्यावर थांबला. कारकूनसाहेब गोंधळले. "कागज? हमने कहाँ माँगा?"

"आपने नहीं माँगा, मगर कायदा माँगता है!"

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी मोटरीच्या पायरीवर उभा राहून एकेक कलम त्यांच्या भाषेत सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. लाडवांच्या टोपल्यांपाशी त्यांनी मान डोलावली. शेवटी म्हणाले, "बहुत खूब. मगर मियाँ, इसमें मोटर कहाँ है?"

"ये क्या, सामने खडी है!"

"सामने तो है. कागज में कहाँ है?"

मी कागद वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. मग उलटवून पाहिला. सनया होत्या. लाडू होते. मोटर नव्हती! अर्ज केला तेव्हा मोटर ठरलीच नव्हती, आणि ठरल्यावर ती लिहायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

साहेबांनी खेदाने दाढीवरून हात फिरवला. "देखो मियाँ, इधर की मोटर को उधर का लायसन लगता है. शादी का मामला था, मैं आँख मूँदने वाला था. लेकिन अब आपने सरकारी कागज पढ के सुनाया. अब आँख कैसे मूँदूँ?"

बांबू खाली आला.

मी खचलो नाही. मी कायदा सांगितला, मोठमोठ्या साहेबांना पत्र लिहीन म्हणालो, मोटरीत जाऊन बसलो आणि निषेधाचा अर्ज लिहायला घेतला. इस्माईलभाई भोंग्यावर डोकं ठेवून झोपले, त्यामुळे त्यांनी मान वळवली की भोंगा वाजे आणि माझं इंग्रजी चुके. साहेबांनी माझ्यासाठी सरबत पाठवलं. मी ते निषेध म्हणून परत केलं. थोड्या वेळाने पुन्हा पाठवलं. मी ते निषेध म्हणूनच प्यालो. ऊन उतरू लागलं. मुहूर्त गोरजाचा होता, गुरं परतायच्या वेळेचा, आणि लांबवर गुरं परतायला लागलेली मला दिसत होती.

तिकडे मांडवात सासऱ्यांनी बाबांना चौथ्यांदा विचारलं, "पाव्हणे, नवरदेव?"

"येऊन राह्यला. कागद घिऊन येऊन राह्यला," बाबा म्हणाले. कसला कागद, ते त्यांनाही नीट सांगता येईना.

मुलीचा मामा तापट होता. "मुहूर्त चुकवायचा नाही. ह्या वऱ्हाडात लग्नाचं दुसरं पोरगं हाय का न्हाई?" असं म्हणून त्याने माझ्या चुलतभावाकडे, विठ्ठलकडे, नखशिखांत निरखून पाहिलं. विठ्ठलने काय करावं? त्याने शेजाऱ्याकडे कंगवा मागितला!

हे पाहून गंगूआत्या उठली. तिने स्वतः दमणी जुंपायला लावली आणि ती नाक्यावर येऊन धडकली.

"काऊन बे, इथं काऊन बसला?"

"आत्या, मला अडवलंय!"

"कोनं?"

मी बोट दाखवलं. कारकूनसाहेब ताडकन उठले. "तौबा तौबा! आपा, मैंने नौशे को कब रोका? मोटर को रोका है! नौशा तो अपने पैरों से कब का जा सकता था!"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. लग्नघर नाक्यापासून जेमतेम कोसभर. तिथून सनई ऐकू येत होती, माझीच, यादीतली!

"कोसभर त रस्ता हाय," आत्या सावकाश म्हणाली. "पायाले मेंदी लावून बसला होता का रे?"

"पन मले कोनी सांगितलंच नाही!" मी ओरडलो.

"आला ठिकान्यावर," आत्या म्हणाली. "बस दमनीत."

मी एक पाय दमणीवर ठेवला आणि थांबलो. (आता सांगायला लाज वाटते.) मी साहेबांना म्हणालो, "मगर मेरा परवाना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, कललेल्या सूर्याकडे पाहिलं. मग एक चिठ्ठी घेतली, उर्दूत झरझर चार ओळी लिहिल्या आणि खाली ठसठशीत शिक्का मारला. माझी छाती भरून आली. निजामाचा खरा परवाना!

त्या कोसभरात बैल असे पळाले की बाशिंग एका कानावर आलं आणि कोटाचा रंग धुळीने कळेनासा झाला. मांडवाच्या दारात उतरताच मी चिठ्ठी उंच धरली. "उशीर झाला, पण कायदेशीर झाला!"

सासरे तिकडच्या शाळेत उर्दू शिकलेले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि घाईने घडी घालू लागले.

"मोठ्यानं वाचा की!" मामा गरजला.

सासरे खाकरले आणि वाचू लागले, "'नौशा भेज रहा हूँ. लडका नेक है. इसे कोई न रोके, चाहे यह खुद कितनी भी जिद करे.'"

मग बाबाच पहिले हसले, आणि नंतर कोण कोण हसलं ते मोजण्यात अर्थ नव्हता. विठ्ठलने मुकाट्याने कंगवा परत केला. भटजींना मंगलाष्टकं दोनदा पहिल्यापासून सुरू करावी लागली.

अंतरपाट धरला होता. त्याच्या खालून मला नवरीच्या हातातली माळ दिसत होती. माळ गदगदा हलत होती. बिचारी! माहेर सुटणार, मुलूख सुटणार! मी हळूच म्हणालो, "रडू नको. मी आहे ना."

पलीकडून आवाज आला, "रडतंय कोण?"

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. घरातला प्रत्येक कागद, सातबारा असो की मुलांचे दाखले, तिच्या पेटीत असतो आणि किल्ली तिच्या कमरेला. तिला स्वतःला अक्षर वाचता येत नाही. तिचं म्हणणं, म्हणून तर आपला संसार कुठे अडला नाही.