जगाचा शेवट आणि रूथवहिनींचा प्रश्न

लोकांना वाटतं, बायबलचा अभ्यास म्हणजे गंभीर काम, तिथं कसले आलेत किस्से? त्यांनी एकदा भोरला आमच्या घरी रविवारी दुपारी येऊन बसावं. अभ्यास घेतात पाटोळे सर, निवृत्त मुख्याध्यापक. तरुणपणी ग्रीक शिकलेले. जगाच्या शेवटाबद्दल बायबलात जे काही आहे ते मूळ ग्रीक शब्द धरून वाचायचं, असं त्यांनी ठरवलं आणि तेव्हापासून दर रविवारी आमच्या एकेका पक्क्या समजुतीला सुरुंग लागतोय. धक्के इतके साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मंडळी मोजकीच. सर, मी, वेल्ह्याकडून एसटीने येणारे डॅनियलकाका नि काकी, आणि उत्रोलीच्या रूथवहिनी. वहिनी जन्माने ख्रिस्ती, नवरा मारुतराव हिंदू, भातशेती करणारा. लग्न दोघांनी हट्टानं केलेलं. मारुतराव बायकोला बाइकवरून आणतात आणि अभ्यास संपेपर्यंत अंगणात बसून राहतात. आत बोलावलं तर म्हणतात, "मी हितंच बरा हाय."

प्रभू परत येईल त्या दिवशी आपल्याला वर स्वर्गात नेतील आणि ख्रिस्ती नसलेला नवरा खाली राहील, ही भीती वहिनींना लग्नापासून खाते आहे. त्यामुळे सरांनी कुठलाही शब्द उघडला की त्यांचा प्रश्न ठरलेला. "सर, मग आमच्या ह्यांचं काय?"

*

पहिला धक्का पहिल्याच शब्दाला. अपोकॅलिप्स म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे आग, भूकंप, रक्तासारखा लाल चंद्र. सर म्हणाले, "मूळ शब्द आपोकालुप्सिस. अर्थ एवढाच, झाकण काढणं. झाकलेलं उघडं करून दाखवणं. नाश वगैरे त्या शब्दात काही नाही."

आम्ही गार! जन्मभर ज्या शब्दाला भ्यायलो, त्याचा अर्थ झाकण काढणं? काकी मात्र मांडीवरच्या मराठी बायबलात शेवटच्या पुस्तकाचं नाव बघत होत्या.

"सर, हितं वर 'प्रकटीकरण'च लिवलंय की. मग ग्रीक कशाला लागलं?"

सरांनी माझ्याकडे चहा मागितला.

*

शेवटच्या काळात जगाला फसवायला येणारा ख्रिस्तविरोधी कोण, याचा डॅनियलकाकांकडे एक उमेदवार कायम तयार असतो. टीव्हीवर जो पुढारी फार दिसायला लागेल तो. सरांनी एका रविवारी शांतपणे सांगितलं, की प्रकटीकरणात हा शब्द एकदाही नाही. तो येतो योहानाच्या छोट्या पत्रांत. तिथंही एकच नव्हे, पुष्कळ ख्रिस्तविरोधी आहेत, आणि ते आपल्यातूनच बाहेर पडले असं लिहिलंय.

काकांनी आयुष्यभर तो माणूस भलत्याच पुस्तकात शोधला होता. शिवाय तो परदेशात नाही, आपल्याच सतरंजीवर असू शकतो म्हणे. आम्ही सगळे एकमेकांकडे चोरून बघायला लागलो.

काका नेहमी शेवटची प्रार्थना अर्धी टाकून एसटीसाठी पळतात. त्या दिवशी जागचे हलले नाहीत. काकींनी दोनदा कोपरानं ढोसलं. शेवटी म्हणाले, "आज पयला भायेर म्या पडनार न्हाई."

एसटी गेली. दोघं आमच्याकडेच मुक्कामाला.

*

शेवटच्या काळी एक श्वापद सगळ्यांच्या उजव्या हातावर खूण करायला लावील, असं प्रकटीकरणात आहे. त्या खुणेला काका इतके भितात, की रेशनच्या मशीनवर अंगठा लावायला काकींनाच पाठवतात. सरांनी शब्द सांगितला, खारागमा. "म्हणजे ठसा. शिक्का उमटवतात, डाग देतात, तसा. पुढे लिहिलंय की तो ठसा श्वापदाच्या नावाचा असेल."

काका पांढरेफटक. काय झालं म्हणून विचारलं तर हळूच उजव्या हाताची बाही वर केली. तरुणपणी जत्रेत गोंदून घेतलेलं नाव, अजून ठळक. काकींचं.

काकींनी नाव वाचलं, काकांकडे बघितलं आणि विचारलं, "म्हंजी श्वापद मी व्हय?"

पुढचे काही दिवस घरात अबोला होता, असं काकाच सांगत होते.

*

आणि मग तो वाईट रविवार. दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल, ही जागा आली. वहिनी पदर घट्ट धरून बसलेल्या.

सर म्हणाले, "'घेतली जाईल' यासाठीचा शब्द नुसता सोबत घेणं एवढंच सांगतो. कुठं, ते नाही. आणि जरा आधी नोहाच्या पुराची गोष्ट आहे. पुरानं नेलेले बुडाले, राहिला नोहा. म्हणून काहींचं मत, की मागे राहणंच बरं."

"म्हणजे हे वाचणार नि मी बुडणार?"

"तसंही खात्रीनं म्हणता येत नाही."

मला सरांचा संताप आला. खात्री नसेल तर शब्द उघडता कशाला? वहिनी उठून गेल्या आणि पुढे आल्याच नाहीत. शेवटी एका रविवारी मारुतरावच त्यांना घेऊन दारात उभे राहिले. "हिला आत घ्या, सर. घरात घास गिळंना हिला."

*

त्या दिवशीचा शब्द होता अपांतेसिस. प्रभू येईल तेव्हा आपण ढगांत त्याला सामोरे जाऊ, त्यातलं 'सामोरे जाणं'.

सर म्हणाले, "मोठा माणूस येणार असला की गाव त्याला आणायला वेशीबाहेर जायचं. त्या जाण्याला हा शब्द वापरत."

"नवरदेवाला आणाय जात्यात तसं?" काकींनी विचारलं.

"तसंच. नवरदेवासाठीही हाच शब्द आहे."

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "पण सर, वेशीवर गेलेले लोक नवरदेवाबरोबर निघून जात नाहीत. त्याला घेऊन गावात येतात."

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. "हो," ते म्हणाले. "बहुतेक वेळा परतच येतात."

आम्ही सगळ्यांनी जन्मभर सामान बांधून ठेवलेलं! काका पुटपुटले, "जानारच हाय म्हनून म्या घराची कौलं सुदिक बदलली न्हाईत."

वहिनी उठल्या आणि तडक अंगणात गेल्या. मी चहा घेऊन मागोमाग. त्यांनी मारुतरावांना सगळं सांगितलं, मध्ये मध्ये रडत. मारुतरावांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजी तू जानार, आन् त्यांना घिऊन माघारी येनार?"

"हो."

"हितंच? उत्रोलीत?"

"हो."

मारुतराव उठले, चपला काढल्या आणि पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याच्या आत आले. सरांपुढं उभं राहून विचारलं, "सर, त्यांच्या संगं किती मान्सं असत्याल?"

सर पुस्तकात शोधायला लागले. काकाच म्हणाले, "मोजता येनार न्हाईत इतकी. तसं लिवलंय."

मारुतरावांनी क्षणभर हिशेब केला.

"मग घरच्या भांड्यात भागनार न्हाई," ते म्हणाले. "देवळातली मोठी पातेली काढाय लागत्याल."