अठरा हजार पावलं

माडावर चढण्याआधी धर्मादादा बुंध्यावर दोन थापा मारायचा आणि जरा थांबायचा. आतून कोणीतरी दार उघडणार आहे असं वाटावं, इतका वेळ. मग पायात दोराचा फास अडकवून बघता बघता झावळ्यांत दिसेनासा व्हायचा. नागावातल्या निम्म्या वाड्यांचे नारळ उतरवणारा हा आमचा पाडेली. वय बासष्ट, वजन माझ्या निम्मं. मी त्याच्याहून वर्षभराने लहान. पण घराच्या तीन पायऱ्या चढलो की कठड्याला टेकून हवामानावर काहीतरी बोलायचो, म्हणजे धाप लागलेली कोणाला कळू नये.

सकाळी तो अर्धीच भाकरी खायचा. आमच्याकडे आला आणि बायकोने पोह्यांची बशी पुढे केली, तर अर्धे पोहे कागदात बांधून ठेवायचा. "भरल्या पोटाचा मानूस झाडाला जड व्हतो, भाऊ," असं मला म्हणायचा आणि नजर माझ्या पोटावर ठेवायचा. बिडी त्याने एका सकाळी सोडली होती. तिसऱ्या माडावर मध्येच दम घ्यावा लागला, तेव्हा खिशातलं बंडल वरूनच खाली टाकलं म्हणे. मी एकदा त्याला विचारलं, रोज हा उत्साह आणतोस कुठून? त्याला प्रश्नच कळला नाही. "उत्साह कसला? झाड काय बोलवायला येत न्हाय. आपन जायाचं. वर गेलो की खाली पन यायचं हाय, एवढं ध्यानात ठेवायचं."

मला मात्र उत्साह विकत आणावा लागला. साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढल्यावर पुण्याच्या लेकीने, मंजूने, मनगटावरचं घड्याळ पाठवलं. त्यात स्वतःचं सिम होतं. पावलं, नाडी, झोप, सगळं थेट तिच्या मोबाइलवर दिसायचं. दिवसाला दहा हजार पावलं, अशी तिची अट. पहिले तीन दिवस मी समुद्रापर्यंत चालत गेलो. तिथे भजीची गाडी लागते, त्यामुळे परत येताना मी जातानापेक्षा जड असायचो. चौथ्या दिवशी गुडघा दुखला. पाचव्या दिवशी धर्मादादा फाटकात उभा होता, आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला.

घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. सकाळी सातला न्यायचं, संध्याकाळी आणून द्यायचं, रात्री मी ते चार्ज करणार. तो म्हणाला, "लेकीला फसवताय व्हय, भाऊ?" मी म्हणालो, तिच्या समाधानासाठी. तो हसला आणि घेऊन गेला. त्या संध्याकाळी मंजूचा फोन आला, "बाबा, अठरा हजार!" मी आरामखुर्चीतूनच म्हणालो, मनात आणलं की होतं सगळं.

पुढे हे फारच वाढलं. मंजूने नातेवाइकांना आकडे पाठवले, ते फिरत फिरत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पोहोचले, आणि संघाने शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. तो नारळही धर्मादादानेच पाडलेला असणार. 'निर्धाराची ताकद' या विषयावर मी वीस मिनिटं बोललो. मागच्या रांगेत धर्मादादा माझं घड्याळ घालून बसला होता. सगळ्यांत जोरात टाळ्या त्याच्याच.

माघ संपता संपता मंजूचा पुन्हा फोन आला. दोन-तीनदा नाडी एकदम दीडशेच्या पुढे गेली होती, तीही एका जागी बसलेलं असताना, पावलं शून्य. "बाबा, आजच्या आज डॉक्टरकडे जा." मी पट्टा सैल असल्याचं सांगून पाहिलं, पण ती ऐकेना. शेवटी गेलो अलिबागला. छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. माझं हृदय ठणठणीत निघालं. तो कागद मी तिला पाठवला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी फाटकात हा किस्सा मी धर्मादादाला रंगवून सांगितला. तुझ्या नाडीपायी माझी पट्टी काढली, म्हणालो. तो हसला. मग घड्याळ बांधता बांधता थांबला.

"मग माझी पन काढावी का, भाऊ?"

"तुला काय धाड भरलीय? माडावर चढतोस तू."

"व्हय, तेबी खरंच," म्हणाला आणि गेला.

अलिबागपर्यंत रिक्षाने अर्ध्या तासाचा रस्ता होता. मी सोबत जाऊ शकलो असतो. पण डॉक्टरने त्याला घरी बसवलं असतं, तर माझी पावलं कोण चालणार होतं? हे तेव्हा मनात इतकं स्पष्ट आलं नव्हतं, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलंय.

आठवड्याभराने दुपारी मंजूचा फोन आला. "बाबा, तू बरा आहेस ना? घड्याळ नाडी दाखवत नाहीये." माझ्या तोंडात भजी होती. मी मजेत म्हणालो, अगं, ठणठणीत आहे. फोन ठेवला, आणि मग उठलो. त्या दिवशी मी धावलो. चपलेविना, वाड्या-वाड्यांतून, त्याचं नाव घेत. तिसऱ्या वाडीत तो सापडला. माडाच्या बुंध्याला टेकून बसला होता. नारळ उतरवून झाले होते. पायातला फास सोडून नीट गुंडाळून शेजारी ठेवलेला. खाली मात्र तो ठरल्याप्रमाणे आला होता.

बाराव्यानंतर त्याची बायको घड्याळ घेऊन आली. पट्टा धुऊन, रुमालात बांधून. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "भाऊ, ह्याच्यात समदं दिसतं, असं हे म्हनायचे. ह्यांना आधीपासून तरास व्हत व्हता का वो?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. घड्याळात एवढं कळत नाही."

मंजूला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या घरी सांगितलंस?" त्यानंतर तिने माझी पावलं कधी विचारलेली नाहीत.

आता घड्याळ मीच घालतो. रोज सकाळी सातला निघतो, ऊन असो की पाऊस. वजन सात किलो उतरलंय, साखर ताब्यात आहे, आणि उत्साह कुठून आणता असं संघातले लोक विचारतात. धर्मादादाच्या दारापर्यंत जाऊन परत यायला साडेचार हजार पावलं होतात. वहिनी बहुतेक अंगणात झाडत असतात, वर बघून मान हलवतात. मीही हलवतो. अजून एकदाही थांबलेलो नाही.