आईने काडीचं विचारलं तेव्हा

मंडळी, दुपारी आईला आणि लेकीला घेऊन नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातली एक छोटी व्हिस्की डिस्टिलरी बघायला गेलो होतो. आत्ताच परत आलोय.

मालक स्वतः फिरवत होता. त्याचे आजोबा याच डोंगरात चोरून दारू गाळायचे, दोनदा तुरुंगात गेले. त्यांचा कैद्याच्या कपड्यांतला फोटो आता बाटलीच्या लेबलवर आहे. लोक कौतुकाने बाटल्या घेत होते, मीही एक घेतली.

आई तांब्याच्या भट्टीजवळ वाकली आणि म्हणाली, "काडी लावून बघत नाहीत का रे? दारू निळी पेटली की चांगली."

लेकीने ते लगेच इंग्रजीत सांगून टाकलं. मालक उडालाच. "माझे आजोबा अगदी असंच करायचे! यांना कसं माहीत?"

वडील गेल्यावर आईने मोहाची हातभट्टी लावून मला इंजिनिअर केलं. तीही एकदा आत जाऊन आली. त्याच्या घरचा तुरुंग लेबलवर छापतात. आमच्या घरचा मी बायकोलाही सांगितलेला नाही.

"पेपरात वाचलं असेल," मी म्हणालो.

"बट बाबा, आजीला कुठे वाचता येतं?"

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नातीला म्हणाली, "कुणीतरी वाचून दाखवलं होतं गं बाई."

पोलिसांशी ती खोटं बोलायची, ते मला जगवायला. आज ती कशासाठी बोलली, सांगाल का कुणी?