थेंबाला उशीर चालत नाही

नलूच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी देवापाशी दिवा लावत होते. ती पहाटेच गेली होती, झोपेत. विश्रांतवाडीच्या तिच्या फ्लॅटचं दार उघडेपर्यंत दिवस कलला होता... मला रडू आलं नाही, राग आला. रक्ताचा एक थेंब जिने कधी ताटकळत ठेवला नाही, ती स्वतः दिवसभर बंद घरात एकटी पडून राहिली.

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. तिने लग्न केलं नाही, मी संसार केला आणि एकमेकींना नावं ठेवत दोघी म्हाताऱ्या झालो. नलू रक्तातली अँटिऑक्सिडंट मोजायची. कापलेलं सफरचंद काळं पडतं, वर लिंबू पिळलं की पडत नाही. रक्तातही अशी लिंबं असतात, ती किती उरलीत ते मी बघते, असं तिने मला समजावलं होतं. पूर्वी त्यासाठी सिरिंज भरून रक्त लागे. तान्ह्या बाळांचं, खंगलेल्या म्हाताऱ्यांचं तेवढं रक्त घेणं तिच्या जिवावर येई. बोटाच्या एका थेंबात भागलं पाहिजे, या ध्यासापायी तिने निवृत्तीनंतरही प्रयोगशाळा सोडली नाही. पडताळा घ्यायला तिला ओळखीची बोटं लागत. त्यातलं एक माझं.

दर सोमवारी सकाळी ती बिबवेवाडीला आमच्या दारात हजर. चपलासुद्धा काढायची नाही. बोट टोचायचं, काचेच्या बारीक नळीत थेंब घ्यायचा, काळ्या कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवायचा, की स्कूटर चालू. लगेच मोजलं नाही तर मोजायचं तेच नाहीसं होतं म्हणे. चहाचं विचारलं की म्हणायची, "तुझा चहा कुठे पळून जातोय?" पाहुणा चहा न घेता गेला की पुणेकराला बरं वाटतं, असं लोक म्हणतात. मला मात्र दर वेळी वाईट वाटे. तिने घटकाभर बसावं, एवढंच मला हवं असे.

मग हे गेले. तेरावं उरकलं, नातेवाईक पांगले आणि सोमवारी नलू आली. नेहमीसारखा थेंब घेतला, नळी डब्यात ठेवली, दारापर्यंत गेली. तिथून वळून माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

मी म्हटलं, "अगं, थेंब खराब होईल."

"होऊ दे. रक्तच आहे, पुढच्या सोमवारी परत काढू."

दुपारपर्यंत बसली. डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं, ते तिने जाताना माझ्या कुंडीत ओतलं... ती माझ्याजवळ बसली, तिच्याजवळ शेवटी कुणी नव्हतं. हे मला फार सलतं.

मागच्या सोमवारी तिच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई आल्या. नलिनीताईंचं काम अर्ध्यावर टाकवत नाही, म्हणाल्या. मी बोट पुढे केलं. थेंब घेऊन, डबा बंद करून त्यांनी घरावरून नजर फिरवली आणि विचारलं, "बसू का जरा?"

खुर्ची ओढायला माझा हात गेलासुद्धा होता.

"नको," मी म्हटलं. "निघा तुम्ही. उशीर होईल."

त्या जिना उतरून गेल्या. मी दार लावून आत आले. बोटावर त्यांनी दिलेला कापूस होता. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी मी तो तसाच दाबून बसून राहिले...