काचेपलीकडचे ओठ

सुरतेत कापड विणणाऱ्या लूमच्या शेडला खातं म्हणतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा धुळ्याच्या सासऱ्यांना कुणीतरी सांगितलं, मुलगा खात्यात आहे आणि फुटबॉल खेळतो. त्यांना वाटलं, पोलीस खातं. मी खुलासा केला नाही. लग्नानंतर सुरतेजवळ कडोदऱ्याला येऊन त्यांनी जावयाचं खातं पाहिलं. आवाज असा की तिकडे कामरेजच्या म्हशी दूध चोरायच्या. सासरे दारातच काहीतरी बोलले. ऐकू काही आलं नाही, पण ओठांवरून मी एकूण एक शिवी वाचली.

खात्यात कुणी ओरडत नाही. ओठ हलवायचे, हात करायचे. दोरा तुटला, तर दोन बोटांची कातर. अकरा वर्षं मी ही भाषा बोललो आणि तीच मैदानावर नेली. गुडघा गेला तेव्हा कोच झालो, आणि आखातातल्या एका क्लबने बोलावून घेतलं. तिथे खेळाडू नऊ देशांचे, भाषा चौदा, आणि माझे हात सगळ्यांना कळायचे. तिकडच्या पेपरात छापून आलं की हा कोच कधी ओरडत नाही, साधूसारखा उभा असतो. ते कात्रण मी फ्रेम केलं. खरी गोष्ट अशी की उजवा कान मी खात्यातच ठेवून आलो होतो, आणि डावाही त्याच्या मागोमाग निघाला होता.

गेल्या मोसमात सरावाच्या वेळी वारा सुटला. मी गोलपोस्टकडे पाठ करून उभा होतो. समोरच्या सगळ्यांची तोंडं एकदम उघडली. मला वाटलं, जांभया देताहेत. रागाने मी आणखी दोन फेऱ्यांची खूण केली. मग तळपायांना जमीन हादरलेली कळली. मागे वळलो. वाऱ्याने डोलणारी गोलची लोखंडी चौकट गोलकीपरने एकट्याने धरून ठेवली होती आणि तो मला हाका मारत होता. आता ती आडवी होती आणि त्याचं मनगट तिच्याखाली.

क्लबला मी सांगितलं, वाऱ्यात हाक विरली. घरी काहीच सांगितलं नाही.

यंदा सुट्टीवर सुरतेत आलो आणि मागोमाग क्लबचं पत्र आलं. करार पुढे न्यायचा तर दोन्ही कानांची तपासणी. कतारगामच्या एका दवाखान्यात वेळ घेतली. मी हरलेला चेहरा करून बसलो, तर बायकोने, तीही लग्नानंतर खात्यात राबलेली, तोड काढली.

"मी तपासनारीना बाजूले बससू. तिनी आवाजनं बटन दाबं की मी बोट उचलसू. तुमी फक्त मनाकडे देखा."

मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी, तिच्या शेजारी "मला यांची काळजी वाटते" असं म्हणून बसलेली माझी बायको. बोट वर, मी बटण दाबलं. बोट वर, बटण. अकरा बीप मी असे ऐकले की वटवाघळाने शिकवणी लावावी.

मुलगी थांबली. काचेजवळ आली.

"काका, जेवलात का?"

"हो, खिचडी," मी म्हणालो.

म्हणून झालं आणि मग कळलं. काच जाड, दार बंद, कान झाकलेले. कुठलाही ऐकणारा माणूस "काय?" म्हणाला असता. तिने फक्त ओठ हलवले होते, आवाजच केला नव्हता.

"माझे पप्पापण असंच उत्तर देतात," तिचे ओठ म्हणाले. "तेपण लूमवर होते." मग ती बायकोकडे वळली. "काकी, तुम्ही बाहेर बसा."

तपासणी पुन्हा सुरू झाली. मुलीची मान खाली, हात पुठ्ठ्याआड. अंदाजाने दाबता आलं असतं, थापा मारण्यात माझा हात कोण धरणार. पण मी तिकडे परतलो तर पुढच्या वाऱ्याला चौकट कुणाच्या मनगटावर थांबेल, की डोक्यावर, हे मला सांगता येईना. मी बटण मांडीवर ठेवलं आणि मुलगी निकाल लिहायला कागद पुढे ओढेपर्यंत तसाच बसलो.

बाहेर बाकावर बायको वाट पाहत होती. "काय झालं?"

मी तिला गोलकीपरचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. वारा, जांभया, वाढवलेल्या फेऱ्या, मनगट. एका शब्दाचीही भर न घालता. तिने माझं कोपर धरलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "सगळा दवाखाना ऐकस."