पहिल्या मालाचं कुंकू

चौक गावच्या आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात मोतीबाईच्या नजरेतून डागाचा ताव सुटला, असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडायला उठेन. तिच्याकडे तावांच्या निवडीचं काम. आल्या आल्या बांगड्या कोपराकडे सारून त्यावर फडकं बांधायची, कारण काचेचा ओरखडा उठला तरी ताव बाद. मग एकेक ताव उचलून हलवायची. आवाज बसका आला की, "ह्यो दमट हाय गं," म्हणून बाजूला. मी माल रवाना करणारा कारकून. माझे ट्रक तिच्यापायी खोळंबायचे आणि मी उगाच तिच्यावर खेकसायचो.

तोवर आमचा पुठ्ठा मुंबईच्या बूटवाल्या-मिठाईवाल्यांपलीकडे गेला नव्हता. पंच्याहत्तरच्या सुमारास आखाती देशांतून मागणी निघाली आणि कुवेतची पहिली ऑर्डर आली. चाळीस गठ्ठे! कारखान्यात नुसती धांदल. मीच फुशारकीत म्हणालो, "अहो मोतीबाई, लेक सासरी चाललीय. कुंकू लावा की!"

माझी आपली थट्टा. पण बाईनं दुसऱ्या दिवशी घरून करंडा आणला आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या तावावर बोट टेकवलं. जन्मभर डाग शोधणाऱ्या बाईला तो डाग वाटलाच नाही. मी शेजारी उभा होतो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? वर खाकी कागद गुंडाळला आणि माल गोदीला गेला.

अडीच महिन्यांनी कुवेतहून पत्र आलं. बोटीतल्या दमट हवेनं कुंकू खालच्या तावांत उतरलं होतं. हे रक्त आहे काय, असं त्यांनी विचारलं होतं. पुढची ऑर्डर थांबली. साहेबांनी सगळ्यांना समोर उभं केलं.

"कुणी सांगितलं होतं हे तुला?"

मोतीबाईनं माझ्याकडे पाहिलं. चांगला बराच वेळ पाहिलं. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

"कुनी नाय सायेब. माज्याच मनानं."

तिला निवडीवरून काढून रद्दी भिजवायच्या हौदावर घातलं. साल उलटलं तशी बाहेरची मागणी परत आली, वाढली. ऐंशी साली महिन्याला चार-चार ट्रक गोदीला जायला लागले. साहेब खूश, मला बढती. मोतीबाईला मात्र कुणी परत बोलावलं नाही. हौदापाशी जायचं मी टाळायचो. लाज वाटायची, दुसरं काय!

शेवटी एकदा राहवलं नाही. गेलो. तिचे हात पाण्यानं पांढरे पडले होते, बांगड्या मात्र अजून फडक्यात बांधलेल्या.

"मोतीबाई, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

तिनं हातातला लगदा पिळून बाजूला ठेवला.

"मी कशापायी घेऊ, भाऊ? तुमी बोलाल म्हनून तर थांबले व्हते."