खांबावर अडकलेला आर्किटेक्ट

नागपुरात नंदनवन वस्तीच्या पलीकडे नवं अग्निशमन केंद्र बांधायचं ठरलं आणि त्याचा आराखडा माझ्याकडे आला, तेव्हा माझ्या नावावर मुख्यतः मंगल कार्यालयं होती. रामदासपेठेतल्या माझ्या ऑफिसच्या भिंतींवर सगळे लग्नाच्या लॉनचेच फोटो. माणूस हाताला लागलेल्या वळणानं जातो. मी केंद्रालाही मोठी कमान काढली आणि दोन्ही बाजूंना कारंजी दिली.

केंद्राचे होऊ घातलेले अधिकारी पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला.

"छान आहे साहेब," ते म्हणाले. "फक्त वरात कोणत्या गेटनं येऊन राहिली, ते सांगा."

कमान गेली, कारंजी गेली. बंब तीन दिशांना सरळ बाहेर पडतील असं मोकळं अंगण आलं. ते सगळं मी मुकाट्यानं केलं. पण खांबाच्या बाबतीत हट्टाला पेटलो. वरच्या मजल्यावर जवानांच्या विश्रांतीची खोली, खाली बंब, आणि मधल्या भोकातून खाली येणारा गुळगुळीत खांब. घंटा वाजली की जवान सर्रकन खाली! लहानपणी एका चित्रांच्या पुस्तकात मी ते पाहिलं होतं आणि तेव्हापासून माझ्या मनातलं अग्निशमन केंद्र म्हणजे तो खांबच होता. महापालिकेतल्या बैठकीत मी त्यावर इतकं जोरात बोललो, की जिना कशाला ठेवलाय असं लोकांना वाटायला लागलं.

"तुम्ही कधी उतरले का असे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"त्यात काय आहे!" मी म्हणालो.

घरी बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती हसून हसून खाली बसली. "अहो, कूलरमध्ये पाणी भरायले स्टुलावर चढता तर तुमचे पाय लटपटतात. तुम्ही कोणाले खांब शिकवून राहिले?"

खांब बसला. पॉलिश केलेलं स्टील मला फिकं वाटलं, म्हणून मी त्याला लालभडक रंग द्यायला लावला. ठेकेदार म्हणाला, वाळायला जरा वेळ द्या. पण पाहणीचा दिवस ठरलेला होता, मे महिना होता, आणि नागपुरात मेमध्ये न वाळणारी वस्तू मी तरी पाहिली नव्हती.

पाहणीला इंजिनियर आले, नवे जवान आले, समोसे आले. वरच्या खोलीत सगळे जमल्यावर मी जाहीर केलं, "पहिला मी उतरतो." मला कोणी आग्रह केला नव्हता, हे इथे नमूद करायला हवं.

खांबाला मिठी मारली, पाय सोडले आणि हातभर खाली गेलो. तिथंच थांबलो. रंग अजून पुरता वाळलाच नव्हता, उकाड्यानं चिकट झाला होता. तळवे चिकटले, शर्ट चिकटला, आणि खाली पाहिल्याबरोबर उरलेलं काम भीतीनं केलं. वर बारा-पंधरा डोकी भोकातून वाकून माझ्याकडे बघत होती.

"साहेब, सोडा ना हात," कोणीतरी म्हणालं.

"सोडतोच आहे," मी म्हणालो आणि आणखी घट्ट धरलं.

खालून शिडी लागल्याचा आवाज आला. उमरेडकडचा एक जवान, विणकरांच्या घरातला, चढून माझ्या पाठीशी आला. त्यानं एका हातानं माझ्या कमरेमागून खांब धरला आणि अगदी निवांत आवाजात विचारलं, "आज काय जेवून आले साहेब?"

"पाटवडी," मी डोळे मिटूनच सांगितलं.

"रस्सा होता का कोरडी?"

"रस्सा."

"भाकरीसंगं की पोळीसंगं?"

"पोळी."

"आता पाटवडी पोळीसंगं कोणी खाते का?" तो म्हणाला. मला खरोखर राग आला. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पोळीच, वगैरे मी त्याला सांगत असताना त्यानं माझा उजवा पाय उचलून शिडीवर ठेवला होता. मग डावा. वाद संपला तेव्हा मी जमिनीवर होतो.

तोपर्यंत कोणीही हसलं नव्हतं. माझे दोन्ही पाय फरशीला लागले आणि अख्खं केंद्र हसलं. सगळ्यात उशिरापर्यंत हसणारा मी होतो. घरी गेलो, तर शर्टावरचा लाल पट्टा पाहून बायको आधी किंचाळली. मग सगळं ऐकून तिनं तिच्या बहिणीला फोन लावला.

मला वाटलं, आता खांब जाणार. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच तसं कबूल करायला गेलो.

"काहून?" अधिकारी म्हणाले. "पोरांना लय आवडला. फक्त रंग काढा, भोवती कठडा लावा आणि खाली जाड गादी टाका."

रंग खरवडला, कठडा लावला, गादी आली. जवान रोज सरावात एकामागून एक खाली यायचे आणि मी जिन्यानं.

केंद्र सुरू झाल्यावर एका दुपारी मी समोरच्या पानठेल्यावर उभा होतो. घंटा वाजली, आत धावपळ दिसली, आणि माझं पान लावून व्हायच्या आत बंब अंगणातून वळून मौद्याच्या दिशेनं गेलाही. न राहवून मी पानवाल्याला म्हणालो, "हे केंद्र मी बांधलं."

त्यानं वर पाहिलं, मग केंद्राकडे पाहिलं. "मग इकडं एखादं झाड काहून नाही लावलं गा? गिऱ्हाईक उन्हात उभं राहते."

पुढच्या रविवारी मी कडुलिंबाची दोन रोपं घेऊन गेलो. एक बकरीनं खाल्लं. दुसऱ्याला आता जवान पाणी घालतात.